गुरुवारचा हलवा

हलव्याचा वास आला आणि सुई धरलेला मुनीरेचा हात जागच्या जागी थांबला. म्हणजे आज गुरुवार. म्हणजे तूबा खानम आली.

इराणमधल्या बिर्जंद शहराच्या त्या इस्पितळात, अपघात विभागात, गुरुवारी दुपारी कुणा ना कुणाच्या मयताच्या नावाने काहीतरी वाटलं जायचंच. खजूर, सरबत, हलवा. घ्यायचं, गेलेल्यासाठी फातिहा पुटपुटायचा आणि कामाला लागायचं. पण तूबा खानमचा केशरी हलवा वर्षभरात एकदाही चुकला नव्हता. आणि पहिली वाटी कायम मुनीरेला. "म्हातारी हो, पोरी. केस पांढरे होऊ देत तुझे," एवढं म्हणून बाई पुढे सरकायची. बाकीच्या सिस्टर चिडवायच्या, की बाई, मजा आहे तुझी, आम्हाला आपलं ताटाच्या कडेचं. मुनीरे हसायची नाही. घास तोंडात फिरत राहायचा.

गिळणार कसा? तूबा खानमचा मुलगा फरामर्ज मुनीरेच्याच सुईने गेला होता.

मोटरसायकलवरून पडलेलं तरणंताठं पोर, बेशुद्ध, पायाचं हाड बाहेर आलेलं. आई स्ट्रेचरमागे धावत होती. दारातच तिने मुनीरेला गाठलं आणि सांगितलं, याला पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी मरता मरता वाचलाय. मुनीरे म्हणाली, बरं माई, काळजी करू नका. आणि इथेच तिचा स्वभाव नडला. भिंतीने हाक मारली तरी ओ देणारी ती. दारापासून खाटेपर्यंत जाताना एका म्हाताऱ्याने पाणी मागितलं, एका बाईने संडास कुठे ते विचारलं, डॉक्टर कात्रीसाठी ओरडले. तिने सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांचं केलं. आईचं तेवढं डोक्यातून पार निघून गेलं. डॉक्टर म्हणाले पेनिसिलिन द्या, तिने दिलं. पोराचं तोंड सुजलं, श्वास अडकला. ती त्याची छाती दाबत राहिली, दोघांनी धरून बाजूला करेपर्यंत. मग मोरीत जाऊन दार लावून बसली. बाहेर आली तोवर घरचे निघून गेले होते.

तिला कुणी काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दारातलं ते बोलणं दोघींपलीकडे कुणी ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून औषध भरताना कुणी कितीही हाका मारा, मुनीरे मान वळवायची नाही. तिला बहिरी म्हणायला लागले. आणि येईल त्याला पेनिसिलिनचं पुन्हा पुन्हा विचारायची. पाय मुरगळलेला एक सुतार वैतागून म्हणाला होता, बाई, पाय दाखवायला आलोय, सोयरीक जमवायला नाही. सगळे हसले. मुनीरेने त्यालाही परत एकदा विचारलं.

पण गुरुवारचं काय करायचं? चोराच्या मनात चांदणं. तूबा खानमला सगळं आठवतंय, याबद्दल मुनीरेला शंकाच नव्हती. नाहीतर पहिली वाटी मलाच का? आणि म्हातारी हो म्हणजे तरी काय, हे उरावर घेऊन जगत राहा, असंच ना? नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्या बाईच्या शांत चेहऱ्याची भीती त्याहून मोठी होती. एकदा थुंकून टाक ना तोंडावर, असं मुनीरे मनातल्या मनात विनवायची. बाई आपली हलवा द्यायची आणि जायची.

आज तूबा खानमने वाटी पुढे केली आणि म्हणाली की पोराला जाऊन वर्ष भरलं, आता हा शेवटचा गुरुवार. मुनीरेने सुई खाली ठेवली. आज बोलली नाही तर जन्मात बोलणार नव्हती.

"माई, त्या दिवशी दारात तुम्ही मला सांगितलं होतं, त्याला पेनिसिलिन चालत नाही म्हणून," ती म्हणाली. "मी हो म्हटलं आणि विसरले. डॉक्टरांना सांगितलंच नाही. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला."

तूबा खानमने ताट बाकावर ठेवलं. मुनीरेने मान खाली घातली. आता थप्पड बसली तरी चालेल, असं तिला झालं होतं.

"परत सांग," तूबा खानम म्हणाली. "मी बोलले होते? माझ्या तोंडाने?"

"हो माई. स्पष्ट बोलला होतात."

बाई ताटाशेजारी बाकावर बसली. मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. त्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, आधी कुणी सांगितलं असतं तर पोर वाचलं असतं. सांगायला तीच विसरली म्हणून तेव्हापासून नवरा तिच्या हातचं पाणी पीत नव्हता. तिने स्वतःही आठवून आठवून बघितलं. स्ट्रेचर आठवायचं, रक्त आठवायचं, पण आपण बोलल्याचं काही केल्या आठवायचं नाही. म्हणजे भेदरून आपली वाचाच बसली असणार, असं ती धरून चालली होती.

"मला वाटायचं, माझ्या विसरण्यापायी तुझ्या हातून पाप घडलं," ती म्हणाली. "म्हणून पहिली वाटी तुला. माफी मागायला तोंड नव्हतं, पोरी, म्हणून आशीर्वाद द्यायचे."

मुनीरेला रडू फुटलं. तूबा खानम रडली नाही. ती बाकाला धरून उठली, अंगभर पांघरलेली चादर नीट डोक्यावर ओढली आणि मुनीरेचं मनगट घट्ट धरून तिला दाराकडे ओढायला लागली.

"चल. फरामर्जचे बाबा फाटकापाशी उभे आहेत. त्यांना सांग, त्याची आई विसरली नव्हती."