उलटं टांगलेलं विमान

फिल्म दुरुस्त करणाऱ्या ओरिहाराने संगणकाच्या पडद्यावरच्या डागाभोवती रेघ ओढली आणि चिझुरूने श्वास रोखला. गाल टम्म फुगले. साठी उलटली तरी ही खोड गेली नव्हती.

“सोड गं तो श्वास,” शेजारून आई म्हणाली. “बेडकी झालीये नुसती.”

आज लेकीला बेडकी तरी म्हणाली. सकाळी याच आईने तिला विचारलं होतं, “बाई, तुम्ही कुणाकडच्या?” ते ऐकून चिझुरूने आईला तशीच गाडीत बसवलं आणि टोकियोच्या पार दुसऱ्या टोकाला, ओरिहाराकडे आणलं. चिझुरूने आपल्या वडिलांना कधी पाहिलंच नव्हतं. ती पोटात असतानाच ते स्टुडिओच्या माळ्यावरून पडून वारले. होते नव्हते ते फोटो पुढच्या वर्षी वादळात घराबरोबर वाहून गेले. त्यांचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता, आईच्या डोक्यात. आणि आता तिथूनही तो निसटायला लागला होता.

“तुझे बाबा आहेत त्या सिनेमात,” असं आई जन्मभर सांगत आली. कुणी मनावर घेतलं नाही. घेणार तरी कसं? तिचे बाबा तेत्सुजी होते तारवाले. लाकडाची, पत्र्याची विमानं बारीक तारांवर उडवायची, हे त्यांचं काम. नुसता श्वास घेतला तरी तार थरथरते आणि विमान डुगडुगतं. तारवाला स्वतः दिसला तर धंद्यात नाक कापलं गेलं. शिवाय तो सिनेमाच कुठे सापडत नव्हता. यंदा एका बंद थिएटरच्या माळ्यावर त्याची रिळं निघाली, सडून व्हिनेगरचा भपका मारणारी. चित्रं उतरवून घ्यायला यंत्रावर एकदा फिरली आणि त्यांचा भुगा झाला. जे काही उरलं ते आता ओरिहाराच्या संगणकात.

आल्यापासून तिघं तेच बघत बसली होती. देवमाशासारखं पोट, पंख्यासारखे मिटणारे पंख, नाकावर मोठी गोल काच, असलं ते विमान कापसाच्या ढगांतून मंगळाकडे निघालं होतं. असलं यंत्र उडेल कसं, हा प्रश्न चिझुरूला एकदाही पडला नाही. ती पोरीसारखी बघत राहिली. मात्र पडद्यावर माणूस आला की ती आईकडे वळायची. शिपाई झाले, शास्त्रज्ञ झाले, रस्त्यावर पळणारी गर्दी झाली. दर चेहऱ्याला आई मान हलवायची. “हा नाही. याचं नाक बघ, बटाटा.”

आता शेवटचा तुकडा उरला होता, आणि त्यात एकही माणूस नव्हता.

“ताई, पाचला प्रत जायचीये,” ओरिहारा घड्याळ बघत म्हणाला. “विमानाच्या काचेवरचा हा डाग पुसतो आणि पक्कं करून टाकतो.”

“पक्कं केलं की पुसलेलं परत नाही येत?” चिझुरूने विचारलं.

“नाही येत.”

“रडले होते ते,” आई एकदम बोलायला लागली. “घरी आले, ताटाला हात लावला नाही. म्हणाले, किनू, मी दिसलो. परत शॉट काढणार कसा, विमान तर पुढच्याच शॉटला जाळून टाकलं. कुणाला सांगू नकोस म्हणाले.”

ओरिहाराने चिझुरूकडे पाहिलं. पुढचा शॉट जळण्याचाच होता. म्हणजे आजी सांगत होती तो शॉट हाच.

“आजी, यात नुसतं विमान आहे हो,” तो हळूच म्हणाला. म्हातारीला बरं वाटावं म्हणून त्याने पुढे जोडलं, “पण आजोबांनी मला चांगलंच बनवलं. पुसायला म्हणून तारा वर शोधतोय, आणि त्या निघाल्या विमानाच्या पोटाखाली!”

“मग! उलटंच टांगायचे ते. लोक मेले तारा वरच शोधतात ना? म्हणून विमान उलटं आणि कॅमेराही उलटा.”

ओरिहारा हसला. त्याचं बोट डाग पुसायच्या कळीकडे गेलं. चिझुरूने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

कॅमेरा उलटा, म्हणून विमान सुलट दिसतंय. मग कॅमेऱ्याशेजारी आपल्या पायांवर सरळ उभा असलेला माणूस त्या काचेत कसा दिसेल?

“चित्र उलटं करा.”

“ताई, पाचला…”

“उलटं करा म्हणते ना!”

त्याने चित्र फिरवलं. विमान पोट वर करून लटकलं. त्याने काचेवरचा डाग मोठा केला, आणखी मोठा केला. डागाला हनुवटी आली. कान आले. काळ्या कपड्यांतला एक तरुण, नजर वर तारेला खिळलेली, तार धरलेली मूठ छातीशी, आणि गाल टम्म फुगलेले.

चिझुरूचा हात आपल्याच गालांकडे गेला. ते पुन्हा फुगले होते.

आई काठी टेकत पडद्याशी गेली. एक बोट तिने त्या चेहऱ्यावर ठेवलं.

“अहो,” ती म्हणाली, “झाला शॉट. सोडा आता श्वास.”