उत्तर स्वतः देऊ नका

दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवून ती संध्याकाळी शिक्षणशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गाला बसायची. तिथले सर बजावायचे, “प्रश्न विचारलात की थांबा. उत्तर स्वतः देऊ नका.” घरी स्वयंपाकघराच्या भिंतीला छोटा फळा टेकवून ती धड्यांची तालीम करायची. विद्यार्थी एकच, बाबा. ते मुद्दाम चुकायचे आणि हात वर करून म्हणायचे, “बाई, माझ्याइतका ढ तुम्हाला शोधून सापडायचा नाही.” पुढे पुढे त्यांना मुद्दाम चुकावं लागेना. आज पदवी मिळाली. प्रमाणपत्र त्यांच्या मांडीवर ठेवून तिने विचारलं, “बाबा, मी कोण?” उत्तर ओठांवर आलं होतं, ते गिळून ती थांबली. बाबांनी फळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर केला. “तुम्ही आमच्या बाई.” “बरोबर,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून कोरा फळा पुसत राहिली.