अध्यक्षपदाची निवड

सन २००४. पार्सिपनी येथे आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा भरली होती. मावळते अध्यक्ष गुरुनाथराव यांनी भाषणात सखेद सांगितले की, याच न्यू जर्सी राज्यात १८४४ सालापर्यंत कॅथलिक मनुष्यास निवडून येऊन पद भूषविण्याची मुभा नव्हती.

"इनासकाका, तेव्हा असता तर वाट लागली असती तुमची!" निमिष म्हणाला.

"म्हणूनच तर लेट आलो रे," वसईचे इनास तुस्कानो हसून उत्तरले. पत्नीच्या निधनानंतर मंडळ हेच त्यांचे घर झाले होते आणि अकरा वर्षे ते त्याचे चिटणीसपद निष्ठेने सांभाळीत होते.

नूतन अध्यक्षाच्या निवडीची वेळ आली, तेव्हा आसावरीने उभे राहून काकांचे नाव सुचविले. काकांनी नकळत कोटाचे बटण लावले.



"काका आपलेच आहेत गं," शोभनाकाकू हळुवारपणे म्हणाल्या, "पण गणपतीत पूजेला प्रेसिडेंटच बसतो ना? लोकांना ऑड वाटेल."

त्यावर कोणीही काही बोलले नाही. मीही नाही. निमिषची निवड टाळ्यांच्या गजरात झाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वहस्ते लिहिलेले सभेचे इतिवृत्त सर्वांना पोहोचले. त्यात लिहिले होते :



"अध्यक्षपदासाठी अन्य कोणाचेही नाव सुचविण्यात आले नाही."