सात नंबरचे बूट

"सहा की सात?" प्लासिडने सायकलची घंटा पुन्हा वाजवली. "विने, माझी गाडी चुकेल. एक जोडी ठेव, एक पिशवीत टाक, बस!"

विनी ओटीवर येरझारा घालत होती, एका पायात सहा नंबरचा बूट, दुसऱ्यात सात नंबरचा. दोन्ही जोड्या अगदी सारख्या. घोट्याच्या बऱ्याच वर येणारं जाड तपकिरी कातडं, आत मेंढीची लोकर, गुळगुळीत तळ, घोट्यापाशी एक पट्टा. पसंत पडेल ती ठेवायच्या बोलीवर तिच्या थोरल्या भावाने, प्लासिडने, त्या मुंबईच्या एका दुकानातून आणल्या होत्या. दुसरी जोडी आज रात्रपाळीला जाताना परत द्यायची होती. आणि उद्या विनी हिमाचलला निघणार होती, जनावरांची डॉक्टर म्हणून. तिथे बर्फ पडला की रस्ते बंद होतात, मग गावोगाव घोड्यावरून जायचं.

निर्मळ गावच्या दुपारी त्या लोकरीत तिचे पाय घामाने चिकट झाले होते.

"सातच घे," अंगणात केळीची पानं कापून गठ्ठे बांधत बसलेली तिची आई मटिल्डा मान वर न करता म्हणाली. "एक नंबर मोटा बरा."

"आय, माझे पाय आता वाढायचे थांबले."

"ल्हानपनी चर्चात पहिल्या कम्युनियनला पन हेच बोललीस. मी मोटे घेतले, मंग तेच बूट दोन वर्सं घातलेस. आनि मी विनलेले मोजे? ते काय डोक्यावर घालशील?"

आईचं मोज्यांचं म्हणणं बरोबर होतं, हेच विनीला खुपत होतं. पायाभोवती थोडी हवा राहिली तर ऊब टिकते. घट्ट बुटात बोटं आधी गारठतात. पण सात नंबरच्या बुटात टाच हलत होती. चालत्या घोड्यावर पाय ठरलाच नाही तर? ती ओटीच्या टोकापर्यंत गेली, परत आली. दोन्ही बाजू तितक्याच पटत होत्या, आणि प्लासिड घंटा वाजवत होता.

"करून बघू," ती म्हणाली.

वरातीचा घोडा ठेवणाऱ्या श्रीपतकडून तिने सकाळीच एक रिकीब मागून आणली होती. स्वार पाय ठेवतो ती लोखंडी कडी. "लगीन ठरलं का काय, बाय?" असं त्याने विचारलंही होतं. तिने रिकिबीला दोर बांधला आणि दुसरं टोक प्लासिडच्या हातात दिलं.

"म्हणजे घोडा मी?"

"गाढव चाललं असतं, पण काम घोड्याचं आहे."

ती ओटीच्या कडेवर बसली. सहा नंबरचा बूट तिने रिकिबीत टाचेपर्यंत घुसवला आणि पाऊल जरा वाकडं केलं. "ओढ."

प्लासिड खिंकाळला आणि पळत सुटला. विनी ओटीवरून खाली आली, पाठीवर पडली आणि सारवलेल्या अंगणातून थेट पानांच्या गठ्ठ्यांपर्यंत फरफटत गेली. पाय सुटला नाही. कोपर सोलवटलं. मटिल्डा पदराने डोळे पुसत हसत होती.

"तुज्यापरीस श्रीपतचा घोडा बरा रे!"

मग सात नंबर. दोन मोजे घातलेले, पट्टा मोकळा. प्लासिडने हिसका दिला. विनी जागच्या जागी राहिली, तिचा मोज्यातला पाय हवेत, आणि रिकामा बूट रिकिबीसकट उड्या मारत विहिरीपर्यंत गेला.

"सुटला की!" मटिल्डाचं हसू थांबलं. "नको तो सात. सहाच घे. कसा धरून ऱ्हायला!" तिने स्वतः उठून सात नंबरची जोडी पिशवीत कोंबली. प्लासिडने पिशवी हँडलला अडकवली.

त्याला अडवायचं तर विनीला सगळंच सांगावं लागणार होतं. गेला महिनाभर तिने घरात एकच सांगितलं होतं, तिथली घोडी वरातीच्या घोड्यापेक्षा गरीब असतात. त्यावरच आईने जायला हो म्हटलं होतं. सायकल फाटकापर्यंत गेली.

"थांब!" ती ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "आय, तो सुटायलाच हवा."

"कसा काय?"

"घोडा बिथरला, मी पडले आणि पाय अडकून राहिला, तर..."

मटिल्डाने तिच्या कोपराकडे पाहिलं. मग ओटीपासून गठ्ठ्यांपर्यंत अंगणात उमटलेल्या लांब ओरखड्याकडे.

"मी हसत व्हते," ती म्हणाली.

तिने विनीच्या कोपरावरची माती पदराने पुसली.

"ती घोडी गरीब असतात, बोललीस ना?"

"बहुतेक वेळा असतात."

"बहुतेक."

प्लासिड पिशवी घेऊन परत आला होता, पण त्याने या वेळी घंटा वाजवली नाही. विनी एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी उभी होती. आईने आता 'जाऊ नको' म्हटलं तर?

मटिल्डाने पिशवीतून सात नंबरचा एक बूट काढून मांडीवर घेतला. आत हात घालून लोकर दाबून पाहिली. मग पट्ट्याशी थांबली.

"ह्यो कशाला?"

"बूट पायातून निघू नये म्हणून."

मटिल्डाने पानं कापायची सुरी उचलली. कातडं चिवट होतं. तिला दोनदा जोर करावा लागला. तुटलेला पट्टा पानांच्या देठांत टाकून तिने दुसरा बूट ओढून घेतला.

"आता हे परत द्येता यायचे नाय," ती प्लासिडला म्हणाली. "सहा घेऊन जा. गाडी चुकेल तुजी."