वेणी आणि काप

जोतिरामच्या कारखान्यात यंत्राचे दोन हात एकाच पाटावर काम करत होते. एक रापीने चामडं कापत होता, दुसरा चपलेच्या पट्ट्याची वेणी घालत होता. वेणी घालणारा हात मध्येच थांबून नसलेल्या बांगड्या मागे सारायचा. निवृत्तीने बायकोची सवय लगेच ओळखली. हौसा जाऊन वर्ष झालं होतं.

सरकारने गावातल्या चपलांच्या कारागिरांच्या क्लस्टरला ही यंत्रं एका अटीवर दिली होती. कारागिरांनी आपल्या हाताचं कसब यंत्रात नोंदवून सगळ्यांसाठी खुलं करायचं. हौसाने जाण्याआधी ते दिलं. तिच्या शेजारी बसून चामडं कापणारा निवृत्ती मात्र अडून बसला होता.

"कापणारा हात कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझाच की!" जोतिराम हसला. "गावात घरोघरी हीच जोडी आहे गड्या. वहिनींची वेणी नि माझा काप."

निवृत्ती तडक क्लस्टरच्या ऑफिसात गेला.

"मॅडम, माझा हात नोंदवून घ्या."

"आता जाग आली होय, काका? अनुदान संपलंय. तुम्हाला काही मिळायचं नाही."

"नको मला काही. तिच्या शेजारचा त्याचा हात काढा आणि माझा बसवा. सुरुवात जोतिरामच्या कारखान्यापासून करा."