बाहेर काढलेला राग

निवृत्त ग्रंथपाल रंगनाथराव नातीच्या नादाने एक भयपट पाहून बसले होते. त्यातली मानसोपचार करणारी बाई रुग्णाला म्हणते, "राग आत ठेवू नका, बाहेर काढा." मग तो राग माणसासारखा चालत निघतो आणि ज्याच्यावर आहे त्याचा गळा दाबून येतो.

दुसऱ्याच दिवशी, झोप लागत नाही म्हणून गाठलेल्या नगरच्या समुपदेशक मॅडमही नेमकं तेच म्हणाल्या आणि त्यांनी उशी पुढे सरकवली. नको म्हणायची भीड पडली. जन्मभर चारचौघांत "पुस्तकातली वाळवी" म्हणून हिणवणाऱ्या थोरल्या भावाला, कानिफदादांना, आठवून रंगनाथरावांनी उशीला चार बुक्के घातले आणि उशी पुन्हा नीट लावून ठेवली.

बाहेर पडताच त्यांना भयपटातला तो चालत निघालेला राग आठवला. दादांना फोन लावला, तर ते उचलेनात. तशीच तिसगावची एसटी धरली आणि वाटभर 'देवा, माझा राग माघारी बोलाव' असं पुटपुटत ते दादांच्या घरी पोचले.

दादा ओसरीवर कालवणात भाकरी कुस्करत बसले होते. त्यांना धडधाकट पाहून रंगनाथरावांना रडूच फुटलं आणि रडता रडता त्यांनी सगळं सांगून टाकलं. दादा ठसका लागेपर्यंत हसले.

"आरं रंग्या, तुझा राग व्हय? त्यो आला आसता, तरी चपला काढून दारातच उभा ऱ्हायला आसता, 'दादा, आत येऊ का?' म्हनत!"