टायरवाल्याचा पहिला प्रश्न

“हा घुमणार,” आसावरी म्हणाली. तिनं मड टायरच्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत बोट घातलं. पहिलं पेर सबंध आत गेलं. “हायवेला जरा वेग घेतला की भोंग्यासारखा वाजतो. मी वाचलंय.”

“तू काय, सगळंच वाचतेस,” निमिष म्हणाला.

दुकान जयपूरच्या दुर्गापुऱ्यात होतं, टोंक रोडला लागून. दोन टायर भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभे होते. एक ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांवर चालणारा, त्याचे ठोकळे एकमेकांना खेटून. दुसरा मड, मोठ्या उघड्या खाचांचा, चिखल उडवून टाकायला केलेला. बाहेर त्यांचा चार दारांचा पिकअप जॅकवर उचलून ठेवला होता. कॉम्प्रेसर सुरू झाला तशी कडेवरच्या भार्गवीनं दोन्ही कानांवर हात घेतले आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

भार्गवी तीन वर्षांची. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा ‘पाणी’ म्हणाली होती. माठाकडे बोट दाखवून रडली नव्हती, म्हणाली होती. त्याआधी रायपूर झालं, कोटा झालं. निमिष रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि दर बदलीला पोर आणखी थोडी गप्प व्हायची. मोठा आवाज झाला की तो सबंध दिवस गेलाच. बनी पार्कमधल्या थेरपिस्ट मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, वर्षभर घर बदलू नका, माणसं बदलू नका, मोठे आवाज टाळा. मान आधी निमिषनंच डोलावली होती.

म्हणून तर आसावरी दुपारी पोर झोपली की टायरांबद्दल वाचत बसायची. मड टायर ओल्या डांबरावर घसरतो. वाळूत तो पुढे जायच्या ऐवजी खड्डा खणतो. तिथे हवा थोडी कमी करून ऑल-टेरेनच बरा. आणि जयपूरच्या आजूबाजूला आहे काय? डांबर आणि वाळू.

“तू मला चिखल दाखव,” ती निमिषला म्हणाली. “ऑफिस सीतापुऱ्यात. थेरपी बनी पार्कात. रविवारी फार तर आमेर. लागतो कुठे तुला चिखल?”

“साइटवर लागतो कधी कधी.”

“तुझ्या साइटवर पाणी टँकरनं येतं, निमिष.”

दुकानदार गोपीनाथजी हसले. “भाभीजी सही बोल रही हैं. यहाँ कीचड़ तो सिर्फ़ चुनाव में उछलता है.”

निमिष हसला नाही. एरवी असल्या बोलण्यावर सगळ्यात आधी तोच हसायचा. आसावरीनं ते बघितलं आणि आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला.

“ऑफिसातल्या कौशिकच्या जीपला मड टायर आहेत, म्हणून ना? मग तसं सांग की. रुबाबासाठी हवेत म्हण. मी काही बोलणार नाही.”

“हो. तसंच समज,” निमिष म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

तिला जिंकल्यासारखं वाटलं. ती गोपीनाथजींकडे वळली. “भैया, ऑल-टेरेन ही लगाइए. बच्ची साथ में रहती है, आवाज़ नहीं चाहिए.”

गोपीनाथजींनी तिच्याकडे पाहिलं, मग निमिषकडे. त्यांची एक पद्धत होती. गाडी कुठली हे ते मागाहून विचारायचे. गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, चलनी कहाँ है? निमिषनं परवा फोन केला तेव्हाही त्यांनी तेच विचारलं होतं.

“लगा तो दूँ भाभीजी,” ते म्हणाले, “पर वहाँ धोखा दे देगा. शिलाँग के आगे तो आधा साल बारिश है. साब ने बताया था, सड़क तो अभी बननी है.”

कॉम्प्रेसर थांबला.

आसावरीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो टायरकडे बघत होता. बायकोपासून लपवता येतं. टायरवाल्याला खरं सांगावं लागतं, नाहीतर टायर चुकीचा पडतो.

“कधी?” तिनं विचारलं.

“पुढच्या महिन्यात. सांगणारच होतो तुला. टायरचं एकदा उरकलं की.”

“बदली आली?”

“मागितली.” त्यानं आवाज खाली आणला. “आसू, इथे अजून वर्षभर मी काय करणार होतो? अडकूनच पडलो होतो. तिकडे अख्खा प्रोजेक्ट माझ्याकडे आहे. आणि भार्गवीला तिथेही मिळेल की कोणीतरी. हवा छान आहे. डोंगर आहेत.”

वर्षभर. मॅडमनी मागितलेलं वर्ष आणि तो ज्यात अडकला होता ते वर्ष, एकच होतं.

भार्गवीनं एका कानावरचा हात काढला. आवाज खरंच थांबलाय का, हे जरा वेळ ऐकलं, आणि मग दुसरा काढला. आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरून ती टायरांच्या रांगेकडे बघायला लागली.

आपलं काहीतरी चुकलं एवढं गोपीनाथजींच्या ध्यानात आलं होतं, काय ते आलं नव्हतं. “तो फिर... कौन सा लगाऊँ?” त्यांनी दोघांच्या मधे कुठेतरी बघत विचारलं.

आसावरीनं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मड ही लगा दीजिए.”

“लो साब, मान गईं भाभीजी.” गोपीनाथजींनी सुटकेनं पान्हा उचलला.

निमिषचा चेहरा सैल झाला. तो जवळ आला, भार्गवीच्या पाठीवर हात ठेवायला गेला. “मला वाटलं, तू आवाजावरून अडून बसशील.”

“वाजू दे,” आसावरी म्हणाली. “तुझ्या एकट्याच्या कानांना काय होतंय?”